रोज वाढणारे केस जातात कुठे?

दोस्तांनो, वही-पेन्सिल घ्या. आज आधी एक हिशोब करू आणि मग त्या हिशोबातली चोरी पकडू.

नकाशात तीन शहरं शोधा: नायजेरियातलं लागोस, जमैकातलं किंग्स्टन आणि अमेरिकेतलं शिकागो. तिन्ही ठिकाणी आफ्रिकी वंशाच्या, तुमच्याच वयाच्या कितीतरी मुली राहतात. त्यांचे केस आपल्याकडच्या कुरळ्या केसांहूनही खूप जास्त कुरळे असतात. एकेक केस म्हणजे पेन्सिलीभोवती गुंडाळावं तसं बारीक वेटोळं. अशा केसांची वाढ शास्त्रज्ञांनी मोजली आहे. ती दिवसाला साधारण पाव मिलिमीटर भरते. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे वर्षाला नऊ सेंटीमीटर. पाच वर्षांत झाले पंचेचाळीस. आता पट्टी घ्या आणि ताईच्या पाठीवर मानेपासून पंचेचाळीस सेंटीमीटर मोजा. कुठे पोहोचलात? जवळजवळ कंबरेपर्यंत!

पण त्या मुलींना विचारलं तर बऱ्याच जणी म्हणतील, “छे, माझे केस मानेच्या खाली जातच नाहीत. वर्षानुवर्षं तेवढेच आहेत.”

मग वाढलेले केस गेले कुठे?

थोडे लपलेत, हे खरं. वेटोळं सरळ केलं की केस दुप्पट, कधी तिप्पटही लांब निघतो आणि सोडला की परत गोळा होऊन बसतो. पण हा खुलासा पुरा पडत नाही, कारण सरळ करून मोजले तरी हिशोब कमीच भरतो. उरलेले केस तुटून गेलेले असतात. मुळाशी रोज थोडा केस येत होता आणि टोकाशी रोज थोडा मोडत होता. कधी उशीवर, कधी कंगव्यात, तर कधी टोपीच्या आत. वर्षाला नऊ सेंटीमीटर आले आणि जवळजवळ तेवढेच गेले. “आमचे केस वाढत नाहीत” असं पिढ्यान्‌पिढ्या लाखो लोकांना वाटत आलं. वाढ मात्र कधी थांबलीच नव्हती.

हे केस इतके का तुटतात? दिसायला तर दाट आणि राठ दिसतात. हात लावण्याआधीच कुणीही म्हणेल की हे भक्कम असणार. प्रत्यक्षात माणसाच्या सगळ्या केसांत हेच सर्वांत नाजूक आहेत. मला स्वतःला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, म्हणून जरा आत शिरून बघू.

केस ज्या इवल्याशा पिशवीतून उगवतो ती त्वचेच्या आत असते. सरळ केसांची पिशवी सरळ उभी असते. घट्ट कुरळ्या केसांची पिशवी आतच वाकलेली असते, त्यामुळे केस बाहेर येतो तोच वळण घेऊन. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर सरळ केस जवळपास गोल दिसतो आणि हा दिसतो चपटा, लांबट. शिवाय तो स्वतःभोवती पीळ घेत जातो. केस बनतो तो पदार्थ मात्र सगळ्यांचा एकच. त्याचं नाव केरॅटिन. तुमची नखं, गाईच्या शिंगांवरचं आणि पोपटाच्या चोचीवरचं आवरणसुद्धा केरॅटिनचंच. लागोसच्या मुलीचं केरॅटिन आणि लातूरच्या मुलीचं केरॅटिन यांत फरक नाही. फरक फक्त आकारात आहे, आणि पुढचं सगळं त्या आकारामुळे घडतं.

आता एक गळलेला केस शोधा. घरात एक तरी नक्की सापडेल. त्याचं एक टोक धरा आणि दोन बोटांची चिमूट त्यावरून मुळाकडून टोकाकडे सरकवा. गुळगुळीत लागेल. आता उलटं, टोकाकडून मुळाकडे सरकवा. किंचित खरखर जाणवली? केसाच्या बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात. कौलारू छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे त्यात अगदी पातळ खवले असतात. सगळ्या कौलांची तोंडं टोकाकडे. कौलं बसलेली असली की आतला गाभा सुरक्षित राहतो आणि ओलावा आत टिकतो. केस जिथे वळतो, पीळ घेतो, तिथे ही कौलं उचलली जातात. एका घट्ट कुरळ्या केसात अशी वळणं किती असतील विचार करा! प्रत्येक वळण म्हणजे एक कच्ची जागा.

त्यात तेलाची अडचण. डोक्याच्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. सरळ केसावरून ते तेल सहज खाली ओघळतं. म्हणूनच सरळ केस चार दिवस धुतले नाहीत तर तेलकट दिसू लागतात. वेटोळ्यांवरून तेल उतरायचं म्हणजे घाटाचा रस्ता. मुळाशी तेल असतं, पण टोकापर्यंत ते पोहोचतच नाही. आणि टोक म्हणजे केसाचा सर्वांत जुना भाग. सर्वांत जास्त ऊन, वारा आणि कंगवे त्यानेच सोसलेले असतात. नेमकं तेच कोरडं पडतं आणि कोरडा केस वाकण्याऐवजी मोडतो.

तिसरी अडचण गाठींची. शेजारशेजारची वेटोळी एकमेकांत अडकतात. एवढंच नाही, तर एकच केस स्वतःभोवती फिरून स्वतःलाच गाठ मारून घेतो! डॉक्टर नॉनहलानहला खुमालो या दक्षिण आफ्रिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ. पुढे त्या केपटाऊन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी, युरोपी आणि आशियाई लोकांचे केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तपासले. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं. आफ्रिकी केसांत दर शंभरात दहाहून अधिक केसांना गाठी सापडल्या. बाकीच्या दोन गटांत हजारात जेमतेम एक-दोन. आफ्रिकी केसांची बरीच टोकं मोडलेली होती. ज्यांचे केस तपासले त्यांनी केसांना काही वाईट वागवलं होतं म्हणून नव्हे. रोजच्या साध्या विंचरण्यानेच हे घडत होतं.

मग निसर्गाने असे अवघड केस दिले तरी कशाला? यावर एक फार सुंदर प्रयोग झाला आहे. टीना लासिसी या मानवशास्त्रज्ञ संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आतून विजेने तापणारा माणसाच्या आकाराचा एक पुतळा घेतला. त्याच्या डोक्यावर कधी काहीच नाही, कधी सरळ केसांचा टोप, कधी साध्या कुरळ्या केसांचा आणि कधी घट्ट कुरळ्या केसांचा. वरून सूर्यासारखे प्रखर दिवे लावले आणि डोक्यात किती उष्णता शिरते ते मोजलं. केस कुठलेही असले तरी उपयोग झालाच, पण सर्वांत जास्त बचाव केला घट्ट कुरळ्या केसांनी. त्यांच्या वेटोळ्यांमध्ये हवा खेळती राहते. ऊन वरच अडतं, त्वचेपर्यंत येत नाही. डोकं थंड ठेवायला घामही कमी गाळावा लागतो. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. माणसाची जात आफ्रिकेच्या उन्हात घडली आणि तिचा मेंदू मोठा होत गेला. मेंदूला उष्णता अजिबात सोसत नाही. तेव्हा ज्या केसांना जगाने “वाईट केस” म्हणून हिणवलं, त्यांनी कदाचित आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांचं डोकं सांभाळलं असेल.

आता कामाचं बोलू. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरते, मोडलेलं हाड जुळतं, पण मोडलेला केस जुळत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो, फाटे फुटलेलं टोक पुन्हा एकसंध होत नाही, ते कापावंच लागतं. म्हणून सगळं शहाणपण मोडू न देण्यात आहे.

हे शहाणपण आफ्रिकेत फार जुनं आहे. नाईल नदीच्या काठी सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या फण्याही सापडल्या आहेत. फणीचे दात लांब आणि विरळ असले की घट्ट वेटोळी त्यातून न तुटता सुटतात. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो, घाना, माली या देशांत शिया नावाचं झाड होतं. बायका त्याची फळं गोळा करतात, आतल्या बिया वाळवतात, कुटतात, भाजतात, दळतात आणि मग तो लगदा पाणी घालून हाताने घुसळत राहतात. हात भरून येतात. शेवटी वर पांढरट स्निग्ध गोळा तरंगतो, ते शिया बटर. ते केसांना लावलं की कौलांवर पातळ थर बसतो आणि आतला ओलावा उडून जात नाही. नामिबियातल्या हिंबा बायका लोणी आणि तांबडी माती कालवून केसांच्या बटांवर थापतात. चाड देशातल्या बायका शेबे नावाची बियांची पूड तेलात मिसळून केसांना लावतात आणि वेण्या घालतात. त्यांचे केस खूप लांब असतात. शेबेने केस वाढतो असं नाही, पण पूड आणि तेल लावून गुंफलेला केस मोडत नाही आणि मग तो आपोआप लांब होतो.

पुढे लाखो आफ्रिकी माणसांना गुलाम करून जहाजांतून अमेरिकेत नेलं गेलं. सोबत फणी आली नाही, शियाचं झाड आलं नाही, आणि दिवसभर शेतात राबल्यावर केस विंचरायला वेळही उरला नाही. मेंढीची लोकर पिंजायचे तारांच्या दातांचे पिंजे लोक डोक्यावर चालवत. त्या केसांचं काय झालं असेल, सांगायला नको.

याच लोकांत १८६७ साली लुईझियाना राज्यात सारा ब्रीडलव्ह ही मुलगी जन्मली. तिच्या घरात गुलामगिरी संपल्यावर जन्मलेलं हे पहिलं मूल. सातव्या वर्षी आई-वडील दोघेही गेले. मोठी झाल्यावर सेंट लुईस शहरात ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागली. तिच्या डोक्याच्या त्वचेला रोग झाला आणि केस झडू लागले. तेव्हा गरिबांच्या घरात नळ नव्हते, डोकं कधीतरीच धुतलं जाई, आणि असे रोग पुष्कळ बायकांना असत. साराने आधी अॅनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केसांची औषधं विकली. मग गंधक असलेलं स्वतःचं मलम बनवलं. आपलं नाव बदलून तिने मॅडम सी. जे. वॉकर असं ठेवलं आणि १९१० साली इंडियानापोलिस शहरात कारखाना काढला. तिने हजारो कृष्णवर्णीय बायकांना शिकवून कामाला लावलं. डोकं नियमित धुवा, त्वचा स्वच्छ ठेवा, केसांना तेल-मलम द्या, हा तिचा आग्रह होता. मलमापेक्षाही हा आग्रह मोलाचा होता असं मला वाटतं.

पण त्याच काळात केस सरळ करायची घाईसुद्धा वाढली. सरळ केस म्हणजे नीटनेटके, अशी समजूत गोऱ्या समाजाने लादली होती. नोकरी हवी तर केस सरळ करा! मग आला तापवलेला लोखंडी कंगवा, आणि त्यानंतर केस सरळ करणारी रसायनं. त्यांतल्या काहींमध्ये कॉस्टिक सोडा असतो. हाच सोडा साबण बनवायला वापरतात. केसाच्या आत गंधकाचे बंध असतात, त्यांच्यामुळे केसाचा आकार टिकतो. सोडा हे बंध तोडतो. केस सरळ होतो खरा, पण त्याची ताकद जाते. पुन्हा मुळाशी नवा केस कुरळाच उगवतो, आणि नवा-जुना जिथे मिळतात तिथे तो हमखास मोडतो. डोक्याची त्वचाही भाजू शकते. हे रसायन लहान मुलांच्याही डोक्याला लावलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे केस राखायचे तर काय करायचं? शनिवार-रविवारी अनेक कृष्णवर्णीय घरांत मोठा कार्यक्रम असतो. मूल खाली बसतं, आई किंवा आजी मागे खुर्चीवर, आणि मुलाचं डोकं तिच्या गुडघ्यांमध्ये. तासन्‌तास! पोरं कुरकुरतात, मग गोष्टी सांगितल्या जातात. अशा केसांना रोज धुणं मानवत नाही. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरे, असं अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. शाम्पू डोक्याच्या त्वचेला आणि कंडिशनर टोकांना भरपूर लावायचा. मग केस ओले असतानाच, कंडिशनरने निसरडे झालेले असताना, गुंता सोडवायचा. इथे गंमत आहे बरं का! सरळ केस ओले असताना विंचरायला जास्त जोर लागतो, म्हणून आपल्याला वाळू द्यायला सांगतात. घट्ट कुरळ्या केसांचं अगदी उलट. पाणी प्यायल्यावर वेटोळी सैल होतात आणि ओला केस कमी जोरात विंचरला जातो. कोरडा विंचरलात तर कडकड मोडेल. आधी बोटांनी, मग विरळ दातांच्या कंगव्याने, आणि सुरुवात टोकाकडून. टोकाचा गुंता सुटला की थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून कंगवा ओढला तर वाटेतल्या सगळ्या गाठी खाली एका जागी जमतात आणि तिथेच केस तुटतो.

पाण्यानंतर तेल किंवा शिया बटर. क्रम महत्त्वाचा. तेलात पाणी नसतं, ते आधीचं पाणी कोंडून ठेवतं. आपल्या खोबरेल तेलाची इथे एक खास गोष्ट आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल तेल केसांवर ताडून पाहिलं. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं. ती गळती फक्त खोबरेल तेलाने कमी झाली. त्यातला मुख्य स्निग्ध पदार्थ लहान आणि सरळ रेणूंचा असतो, म्हणून तो कौलांच्या फटीतून आत शिरतो. ही कंपनी खोबरेल तेल विकते, हेही ध्यानात ठेवून वाचा. प्रयोग कोणी केला हे विचारायची सवय चांगली.

मग वेण्या. डोक्यालगत बारीक ओळींत घातलेल्या वेण्या, दोन पदरांचे पीळ, छोटे-छोटे अंबाडे. या सगळ्यांचा हेतू एकच, की टोकं आत झाकली जावीत आणि रोज रोज कंगवा लागू नये. झोपताना डोक्याला साटीनची टोपी किंवा उशीला साटीनचा अभ्रा. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केसाशी घासतो. साटीनवर केस घसरतो.

वेण्या घालताना एका गोष्टीवर मी ठाम आहे. दुखलं तर लगेच सांगायचं. कपाळावरची कातडी ताणली गेली, मुळाशी पुटकुळ्या आल्या, डोकं ठणकलं, तर वेणी सोडायची. सतत ताण बसला की आधी कपाळाकडचे आणि कानांजवळचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूळच मरतं. मग तिथे केस परत येत नाही. हे फक्त आफ्रिकी केसांचं दुखणं नाही. डॉक्टरांनी याची पहिली नोंद १९०७ साली केली ती ग्रीनलंडच्या बायकांमध्ये. त्यांचे केस सरळ, पण घट्ट वर ओढून बांधलेले. आपल्याकडे शाळेसाठी दोन वेण्या करकचून घालतात, त्यांनाही हा नियम लागू आहे.

शाळेचा विषय निघालाच आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स या शाळेतल्या मुली केसांच्या नियमांविरुद्ध उभ्या राहिल्या. आमचे केस जसे उगवतात तसेच ठेवू द्या, एवढीच त्यांची मागणी. त्यांच्या पुढे होती १३ वर्षांची झुलेखा पटेल. प्रांताच्या शिक्षण खात्याला लक्ष घालावं लागलं आणि तो नियम स्थगित झाला. अमेरिकेत २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने क्राऊन कायदा केला. नैसर्गिक केस किंवा वेण्यांवरून शाळेत, नोकरीत कुणाला अडवायचं नाही, असं तो कायदा सांगतो. नंतर इतर अनेक राज्यांनी असेच कायदे केले. बघा, रसायन लावायची सक्ती गेली तर केसांचं मोडणंही कमी होईल. कायदासुद्धा केसांची निगा राखतो!

आणि असे केस फार दूरच्याच लोकांचे आहेत असं समजू नका. मुरूडचा जंजिरा किल्ला ज्यांनी शतकानुशतकं राखला ते सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आजही गुजरातेत आणि कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी कुटुंबं राहतात. भारतीय मुलं, भारतीय भाषा, आणि डोक्यावर तीच घट्ट वेटोळी. अशा एखाद्या मुलाशी मैत्री झाली तर न विचारता त्याच्या केसांना हात लावू नका. चिडवणं तर दूरच.

आता तुमच्यासाठी काम. आज कंगव्यात अडकलेले केस टाकून देऊ नका. एक भिंग घ्या आणि पांढऱ्या केसांना काळा, काळ्या केसांना पांढरा कागद खाली ठेवा. प्रत्येक केसाची दोन्ही टोकं नीट बघा. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसली तर तो केस मुळापासून गळलेला आहे. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणं अगदी ठीक आहे, त्यांच्या जागी नवे येतात. गाठ कुठेच नसेल तर तो मधेच तुटलेला. घरातल्या प्रत्येकाच्या कंगव्यातले गळलेले किती आणि तुटलेले किती, ते मोजा, तक्ता करा आणि आम्हाला पाठवा. तुटलेले जास्त निघाले त्यांना विरळ दातांचा कंगवा वापरायला सांगा आणि महिन्याने पुन्हा मोजा.